पत्ते कोणी पिसले?

(बंगळुरूतील स्मृतिव्याख्यानमालेत मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



रमी हा नशिबाचा खेळ की कौशल्याचा, या प्रश्नावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला एकदा डोके शिणवावे लागले होते. सिकंदराबादच्या एका क्लबावर पोलिसांनी धाड घातली, मंडळी पैसे लावून रमी खेळत होती, आणि प्रकरण थेट दिल्लीपर्यंत गेले. कायद्याच्या पुस्तकांत १९६८ चा म्हणून नोंदलेल्या त्या निकालात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिले की रमी म्हणजे तीन पत्ती नव्हे. कोणते पान पडले हे लक्षात ठेवावे लागते, कोणते धरायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते, म्हणून यात कौशल्याचा भाग मोठा आहे. पुढे मोबाइलवर पैशांची रमी आली तेव्हा हाच निकाल त्या धंद्याचा कणा झाला. त्या धंद्यातल्या काही मोठ्या कंपन्या याच शहरात वाढल्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा नवा कायदा केला. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून खेळायचा असेल तर बंद, असे त्यात सरळ म्हटले आहे. इथल्या मोबाइल प्रीमियर लीग या कंपनीने भारतातले सुमारे ६० टक्के कर्मचारी कमी करायचे ठरवल्याच्या बातम्या लगोलग आल्या. न्यायालयात अर्ज गेले. व्यसन, कर्जबाजारीपणा, आत्महत्या, नोकऱ्या, कराचे उत्पन्न या सगळ्यांवर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. एक साधा प्रश्न मात्र त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही.

पत्ते पिसले कोणी?

क्लबातल्या टेबलावर हा प्रश्न पडत नाही. पिसणारा समोर बसलेला असतो, शेजारचा पान कापतो, कोणाच्या बाहीतून एक्का निघाला तर बाकीच्यांच्या नजरेला येतो. न्यायमूर्तींनी जे कौशल्य मानले, ते या उघड्यावरच्या पिसण्यावर उभे होते. मोबाइलवर पिसण्याचे काम एक प्रोग्रॅम करतो, कुठल्या तरी सर्व्हरवर, बंद दाराआड. पैशांच्या रमीत तो नीट पिसतो असे एखाद्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र दाखवले जाई. खेळणाऱ्याने ते प्रमाणपत्र बघायचे आणि विश्वास ठेवायचा.

विश्वास ठेवल्याने काय होते, याचा एक जुना किस्सा आहे. संगणकशास्त्राच्या वर्गात तो आजही सांगण्यासारखा आहे. १९९९ साली एएसएफ सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीचा पोकरचा प्रोग्रॅम इंटरनेटवरच्या काही पत्त्यांच्या अड्ड्यांवर चालत असे. लोकांना शंका येऊ नये म्हणून कंपनीने चांगल्या हेतूने आपली पत्ते पिसण्याची रीत जाहीर करून टाकली. बघा, आम्ही काही लपवत नाही! अमेरिकेतल्या रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या काही संशोधकांनी ती खरोखरच बघितली.

संगणकाला आपल्यासारखे नशीब ठाऊक नसते. त्याला सुरुवातीचा एक आकडा द्यावा लागतो. त्याला 'सीड' म्हणतात. त्या आकड्यावरून तो पुढची सगळी साखळी गणिताने काढतो; आकडा तोच असेल तर साखळीही तीच निघते. ५२ पानांचे क्रम इतके असू शकतात की तो आकडा लिहायला आठावर ६७ शून्ये द्यावी लागतात. या प्रोग्रॅमचा सीड होता ३२ बिटांचा, म्हणजे त्यातून जास्तीत जास्त ४२९ कोटींच्या आसपास क्रम निघू शकत होते. त्यातही सीड घेतला होता मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्यावरून. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. क्रमही तेवढेच उरले. संशोधकांनी आपले घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवले आणि शक्यता दोन लाखांच्या आसपास आल्या. एवढ्या तर त्या काळचा घरगुती संगणकही चुटकीसरशी तपासून टाकी. हातातली दोन आणि टेबलावर उघडलेली तीन, एवढी पाच पाने दिसली की बाकी सगळ्यांच्या हातात काय आहे आणि पुढे काय येणार आहे हे त्यांना डाव चालू असतानाच कळू लागले. वर त्या रीतीत एक बालिश चूकही होती: एक ते बावन्नमधला आकडा काढायचा होता तिथे प्रोग्रॅम एक ते एक्कावन्नच काढत होता.

या गोष्टीचे तात्पर्य लोक वेगवेगळे काढतात. काही म्हणतात, रीत उघड केली म्हणून पकडले गेले. गप्प बसले असते तर बरे. हे म्हणणे टिकत नाही. ती खोट सापडण्याआधीही होतीच, आणि मिलिसेकंदाचा अंदाज करणारा एखादा लबाड गडी ती गुपचूप वापरू शकला असता. उघड केल्यामुळे ती सज्जनांच्या हाती लागली, एवढाच फरक. पण हा एवढाच फरक पैसे लावणाऱ्याच्या दृष्टीने पुष्कळ मोठा असतो.

आता पैशांचा भाग क्षणभर बाजूला ठेवू. खेळ म्हणजे नियमांवर उभे केलेले एक छोटे जग. त्या जगात शिरताना आपण बाहेरचे नियम चपलांसारखे दारात ठेवतो आणि आतले पाळतो. ते आतले नियम कोणाच्या हातात आहेत, ते दिसतात का, आणि पटले नाहीत तर बदलता येतात का? आजच्या विषयातले व्हिडिओ गेम, खुले सॉफ्टवेअर आणि 'हे सगळे जगच आभासी आहे का' हा हल्लीचा लाडका प्रश्न एरवी एकमेकांना दुरूनच ओळखतात. या एका जागी मात्र त्यांची गाठ पडते.

आपल्याकडे नियम उघड्यावर असण्याची रीत जुनी आहे. मोक्षपट घ्या. कापडावर किंवा कागदावर घरे आखलेली, शिड्या आणि साप काढलेले, कोणत्या गुणाने वर जाल आणि कोणत्या दोषाने गिळले जाल ते घरातच लिहिलेले. मराठी परंपरा या पटाचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. त्याला भक्कम पुरावा नाही, आणि ज्ञानेश्वरांचे मोठेपण त्यावर अवलंबूनही नाही. हा पट जैनांनी आपल्या तत्त्वज्ञानाप्रमाणे आखला, वैष्णवांनी आपल्या, सूफींनी आपल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी तो उचलून त्यात आपली व्हिक्टोरियन नीती भरली आणि पुढे नीतीही गाळून नुसते साप आणि शिड्या ठेवल्या. कोणी कोणाची परवानगी मागितली नाही. ज्याला पट दिसला त्याला तो उतरवून घेता आला आणि बदलता आला.

बंगळुरूपासून तीन तासांवर म्हैसूर आहे. तिथले मुम्मडी कृष्णराज वडियार हे तर खेळ रचणारे राजे. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर इंग्रजांनी या लहान मुलाला गादीवर बसवले आणि १८३१ मध्ये त्याच्याकडून कारभार काढून घेतला. राज्य नावापुरते उरले. राजेसाहेब विद्या, कला आणि खेळ यांत रमले. त्यांच्या नावावरच्या 'श्रीतत्त्वनिधि' या सचित्र ग्रंथाचा 'कौतुकनिधी' हा शेवटचा भाग खेळांना दिलेला आहे. नवनवे पट त्यांनी आखले. बुद्धिबळाच्या पटावर घोडा प्रत्येक घरात एकदाच जाईल अशा फेऱ्या त्यांनी रचल्या, आणि त्यातल्या काही अशा की चालींचे आकडे घराघरांत मांडले की बेरजा जुळाव्यात. गणिताच्या इतिहासात त्यांची नोंद आहे. प्रजेसाठी नियम करण्याचा अधिकार ज्याच्याकडून काढून घेतला, त्याने निदान पटावरचे नियम स्वतः केले. इतिहासकार याकडे राजाचा विरंगुळा म्हणून बघतात. त्याहून थोडे जास्त काही त्यात असावे.

आणि आज बंगळुरू काय करते? दुसऱ्यांची जगे रंगवते. १९९७ साली राजेश राव यांनी इथे ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही कंपनी काढली. भारतातली पहिली गेम बनवणारी कंपनी म्हणून तिचे नाव घेतले जाते. आपला गेम करावा ही हौस होतीच, पण पोट भरले ते परदेशी कंपन्यांसाठी केलेल्या चित्रकामावर. मायक्रोसॉफ्टच्या 'फोर्झा' या शर्यतीच्या गेममधल्या गाड्या इथे घडल्या. बोनेटवरची चकाकी, चाकाचे नट, डॅशबोर्डवरची शिवण, सगळे बंगळुरूच्या हातांनी केलेले. २०१९ मध्ये ध्रुव कंपनी रॉकस्टार गेम्सने घेतली आणि आपल्या इथल्या स्टुडिओत मिसळून टाकली. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'वाली हीच ती रॉकस्टार. तिची मालक कंपनी टेक-टू. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या आभासी शहरांचे काही काम या खऱ्या, खड्ड्यांच्या आणि कोंडीच्या शहरात चालते. त्या शहरांच्या किल्ल्या मात्र न्यूयॉर्कला आहेत.

किल्ली म्हणजे काय, ते २०२१ मध्ये दिसले. काही हौशी प्रोग्रॅमरांनी 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' आणि 'व्हाइस सिटी' हे जुने गेम आतून कसे चालतात ते उलगडून त्यांचा कोड नव्याने लिहून काढला आणि लोकांसाठी ठेवला. मूळ गेम विकत घेतलेला असल्याशिवाय तो चालत नसे, कारण चित्रे, आवाज, नकाशे त्यात नव्हते. तरी फेब्रुवारीत टेक-टूने तो काढायला लावला आणि सप्टेंबरमध्ये खटला भरला. कायद्याने कंपनीची बाजू भक्कम असेल. पण 'व्हाइस सिटी' आला २००२ मध्ये, आणि आपल्याकडच्या सायबर कॅफेंत एक आख्खी पिढी त्यावर वाढली. ज्यांनी त्या कोडला हात घातला ते त्या गेमचे असेच चाहते होते, लुटारू नव्हते.

आपल्याकडची चोरटी सीडी आणि ही उलगडून पाहण्याची हौस यांची नेहमी गल्लत होते. चोरट्या सीडीने गेम फुकट मिळे, पण आतले काहीच उघडे होत नसे. वर एखादा व्हायरस मिळे.

याच शहराला खुल्या सॉफ्टवेअरचे दुसरे एक कूळ आहे, आणि त्यात बेळगावचा एक माणूस येतो. अतुल चिटणीस यांचा जन्म बर्लिनचा, वाढले आणि शिकले बेळगावात, काम केले बंगळुरूत. 'पीसी क्वेस्ट' मासिकाचे ते सल्लागार संपादक. १९९६ मध्ये त्या मासिकाबरोबर लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीची सीडी वाटण्याचा घाट घातला गेला त्यात त्यांचा पुढाकार होता. इंटरनेटवरून एवढी मोठी गोष्ट उतरवून घेणे तेव्हा कोणाच्या खिशाला परवडणारे नव्हते. तालुक्याच्या गावातल्या विद्यार्थ्याला लिनक्स पहिल्यांदा भेटले ते मासिकाच्या मुखपृष्ठाला चिकटून. २००१ पासून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 'लिनक्स बंगलोर' ही परिषद भरवली. पुढे ती 'फॉस डॉट इन' झाली आणि २०१२ मध्ये निमहान्सच्या सभागृहात तिचा शेवटचा मेळा भरला. चिटणीसांचे म्हणणे पुढे पुढे तिखट होत गेले: नुसते वापरू नका, लिहा, टाळ्या वाजवायला येऊ नका, कोड घेऊन या. ते काहींना झोंबले. ३ जून २०१३ रोजी, पन्नाशी जेमतेम ओलांडून, ते गेले. मराठी वाचकांना हे नाव आज माहीत नाही, हे आपल्या नियतकालिकांचे अपयश आहे.

ऑगस्ट २००६ मध्ये बंगळुरूच्याच आयआयएममध्ये रिचर्ड स्टॉलमन आले होते. खुल्या सॉफ्टवेअरच्या जगात त्यांचा जीपीएल हा परवाना पायाच्या दगडासारखा आहे. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीवर जगभर ज्या परिषदा झाल्या त्यातली चौथी इथे भरली. तिथला एक वादाचा मुद्दा आजच्या विषयाशी थेट लागतो. टिवो नावाच्या अमेरिकी टीव्ही-रेकॉर्डरमध्ये लिनक्स होते. कोड परवान्याप्रमाणे खुला होता, बघता येई, बदलताही येई. पण बदललेला कोड त्या यंत्रात घातला की यंत्र चालायला नकार देई. नियम वाचा, हवे तर कागदावर दुरुस्त करा, खेळताना मात्र आमचेच पाळा, असा तो मामला होता. जून २००७ मध्ये आलेल्या नव्या जीपीएलने याला चाप लावला.

गेम खेळायच्या यंत्रांनी तर याहून कडी केली. सोनीच्या प्लेस्टेशन ३ वर सुरुवातीला लिनक्स घालता येत असे, आणि ती सोय कंपनीनेच दिली होती. अमेरिकेच्या हवाई दलाने १,७६० प्लेस्टेशन जोडून एक महासंगणक उभारला. १ एप्रिल २०१० रोजी सोनीने एक अपडेट पाठवला आणि ती सोय गेली. अपडेट घ्यायचा नाही असे ठरवले तर ऑनलाइन खेळणे बंद. तारीख एक एप्रिलची असली तरी थट्टा नव्हती.

सगळ्याच कंपन्या अशा वागल्या असे नाही. डिसेंबर १९९७ मध्ये जॉन कारमॅक आणि त्यांच्या इड सॉफ्टवेअरने 'डूम' या तुफान चाललेल्या गेमचा कोड लोकांपुढे टाकला आणि १९९९ मध्ये तो जीपीएलखाली आणला. चित्रे आणि आवाज त्यांनी स्वतःकडे ठेवले. तेव्हापासून लोकांनी डूम कॅल्क्युलेटरवर, प्रिंटरच्या पडद्यावर, कशाकशावर चालवून दाखवला आहे. पण गंमत आत आहे. कोड उघडून बघितला तर कळते की डूममधले 'नशीब' म्हणजे २५६ आकड्यांचा एक ठरलेला तक्ता आहे. राक्षस चुकतो की नेम धरतो, गोळी किती लागते, हे त्या तक्त्यावरून ओळीने बोट फिरवून ठरते. तेच खेळणे पुन्हा जसेच्या तसे दाखवता यावे आणि दोन संगणकांवरचा सामना एकमेकांशी जुळलेला राहावा यासाठी ही युक्ती. पैशांच्या रमीत हा तक्ता म्हणजे दरोडा ठरला असता. डूममध्ये ती उत्तम कारागिरी आहे. कोणती कुठे, हे आत बघितल्याशिवाय कळत नाही.

बंद अवजारावर धंदा उभारणाऱ्यांना त्याची किंमत २०२३ मध्ये कळली. जगभरचे छोटे स्टुडिओ 'युनिटी' या इंजिनावर गेम बनवतात. सप्टेंबरमध्ये कंपनीने जाहीर केले की एका मर्यादेपुढे गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे द्यावे लागतील, अगदी आधीच बाजारात असलेल्या गेमसाठीसुद्धा. बोंबाबोंब झाली, अध्यक्षांना जावे लागले, आणि बरोबर एक वर्षाने ती पट्टी रद्द झाली. तोवर पुष्कळ जण 'गोडो'कडे वळले होते. अर्जेंटिनातल्या दोघांनी बनवलेले हे इंजिन २०१४ पासून खुले आहे. त्याचा दर कोणी वाढवू शकत नाही, कारण तो लावणाराच कोणी नाही.

खेळणाऱ्यांची गत मात्र याहून वाईट आहे. यूबीसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम लोकांनी पैसे मोजून घेतला होता. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि गेम मेला, एकट्याने खेळायचा भागसुद्धा. गल्लीत बॅटचा मालक रुसून घरी गेला की खेळ मोडतो हे प्रत्येक मुलाला माहीत असते; पण तिथे बाकीच्या पोरांनी बॅटचे पैसे दिलेले नसतात. यावरून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि २०२५ च्या जुलैत तिने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. मागणी एवढीच आहे की दुकान बंद करताना गेम चालता राहील अशी काही तरी व्यवस्था करून जा. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२५ पासून आणखी एक बंधन घातले: तुम्ही फक्त परवाना देत असाल तर 'विकत घ्या' असे बटणावर लिहू नका, नाहीतर तसे स्पष्ट सांगा.

भारतात हाच अनुभव सरकारमार्फत आला. २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जीवर बंदी आली आणि कोट्यवधी पोरांचे एक बेट एका रात्रीत बुडाले. बंदीमागची कारणे देशाच्या सुरक्षेची होती, त्यांवर इथे भाष्य नको. दोन दिवसांत अक्षय कुमार यांनी 'फौजी' या देशी गेमची घोषणा केली. तो बंगळुरूच्या एनकोअर गेम्सने केला आणि २६ जानेवारी २०२१ ला आला. देशभक्तीवर डाऊनलोड मिळतात, पण रोजचा खेळ मिळत नाही, हे त्याने दाखवून दिले.

आता आभासी जगाकडे.

२००३ मध्ये निक बॉस्ट्रॉम या तत्त्वज्ञाने एक निबंध लिहिला. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: एक तर माणसासारख्या संस्कृती पुरेशा प्रगत होण्याआधीच नष्ट होतात; किंवा प्रगत झाल्यावर त्यांना आपल्या पूर्वजांची आभासी जगे चालवण्यात रस उरत नाही; नाहीतर आपण स्वतः अशाच एका आभासात राहत असण्याची शक्यता जवळजवळ खात्रीची आहे. २०१६ मध्ये इलॉन मस्क यांनी एका मुलाखतीत हीच गोष्ट व्हिडिओ गेमवरून सांगितली: चाळीस वर्षांपूर्वी दोन पट्ट्या आणि एक ठिपका होता, आज केवढी जगे झाली, मग पुढे काय! तेव्हापासून इंदिरानगरच्या कॉफीहाऊसपासून व्हॉट्सअॅपच्या गटांपर्यंत हा विषय अजून थंड झालेला नाही.

मराठी माणूस यावर लगेच म्हणतो, 'हे तर आपल्याकडे आधीच सांगून ठेवले आहे.' थोडे दमाने घ्यावे. योगवासिष्ठात लवण राजाची गोष्ट आहे हे खरे. जादूगार मोरपिसांचा झुबका फिरवतो, राजा घोड्यावर बसून निघाला असे त्याला वाटते, रानात तो चांडाळाच्या मुलीशी लग्न करतो, साठ वर्षे संसार करतो, दुष्काळात आगीत उडी घेतो आणि दरबारात जागा होतो. मधे काही घटकाच गेलेल्या. पुढे तो शोधायला जातो तर ते रान, ती माणसे खरोखरच तिथे असतात. आजच्या कोणत्याही विज्ञानपटाला लाजवील अशी ही कलाटणी आहे. नारदाची नारदी होऊन साठ पोरे झाल्याची कीर्तनातली कथा त्याच घराण्यातली. पण गोष्ट असणे म्हणजे सिद्धांत असणे नव्हे, आणि त्यात संगणक शोधणे तर शुद्ध पोरकटपणा. शृंगेरीचा शंकराचार्यांचा मठ याच कर्नाटकात आहे. शंकराचार्यांचा मायावाद आणि बॉस्ट्रॉमची आकडेमोड यांच्या तळाशी असलेले प्रश्नच वेगळे आहेत. मायावादात जग चालवणारा कोणी प्रोग्रॅमर बाहेर बसलेला नाही.

त्यातल्या त्यात जवळचे म्हणावे तर 'अमृतानुभव'. ज्ञानेश्वर तिथे अज्ञानाच्या कल्पनेचेच खंडन करतात आणि जगाला दूर सारण्याचा भ्रम न मानता चैतन्याचा विलास मानतात. डेव्हिड चाल्मर्स यांनी २०२२ च्या 'रिअॅलिटी प्लस' या पुस्तकात, पूर्ण वेगळ्या वाटेने, असे म्हटले आहे की जग आभासी निघाले तरी त्यातल्या टेबल-खुर्च्या खोट्या ठरत नाहीत. दोघांना एका पाटावर बसवू नये. पण 'हे खोटे तर नाही ना' या धास्तीतून दोघेही माणसाला मोकळे करतात.

बॉस्ट्रॉमचा युक्तिवाद चतुर आहे. पण पटला तरी सकाळी उठून वेगळे काय करायचे ते तो सांगत नाही. आपल्या हाताने बांधलेल्या आभासांबद्दल मात्र पुष्कळ काही करता येते, आणि त्याचा नमुनाही याच शहरात आहे. हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि कॅनडाची सीएई यांनी मिळून इथे हेलिकॉप्टरच्या वैमानिकांसाठी 'हॅट्सऑफ' ही प्रशिक्षण अकादमी २०१० मध्ये सुरू केली. तिथे ध्रुव हेलिकॉप्टर जमीन न सोडता उडते. इंजिन बंद पडते, शेपटीचा पंखा निकामी होतो, धुके दाटते. वैमानिक चुकतो, आपटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. पण असा सिम्युलेटर कोणी 'आमचा खराच वाटतो' म्हणून चालू करत नाही. खऱ्या उड्डाणात मोजलेल्या आकड्यांशी त्याचे वागणे ताडून पाहतात, विमान वाहतुकीचे नियामक त्याला मान्यता देतात, आणि ती तपासणी पुन्हा पुन्हा होते. आभासाला जाब विचारता येतो. ज्या आभासात लोक जीव पणाला लावायला शिकतात तिथे आपण हे करतो. ज्यात लोक महिन्याचा पगार लावत होते, तिथे प्रमाणपत्राचा एक कागद पुरेसा मानला.

सगळे उघडे करा म्हणजे सगळे ठीक होईल, अशी भोळी समजूत मात्र नको. डिसेंबर २०२१ मध्ये 'माइनक्राफ्ट' या गेमच्या गप्पांच्या चौकटीत एक विशिष्ट ओळ टाइप करून दुसऱ्याच्या सर्व्हरवर कब्जा करता येतो असे आढळले. दोष होता लॉगफोरजे या छोट्या खुल्या प्रोग्रॅममध्ये, आणि तो २०१३ पासून तिथे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होता. मोठमोठ्या कंपन्या तो फुकट वापरत होत्या. सांभाळणारे मात्र मोजके स्वयंसेवक. दार उघडे असून आत कोणी डोकावत नसेल तर उघडेपणाचा उपयोग नाही, आणि डोकावणाऱ्याच्या वेळेला पैसा लागतो. या शहरातल्या झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलर द्यायचे जाहीर केले. आपल्या एवढ्या मोठ्या आयटी उद्योगात ही बातमी ठरावी, यातच बाकीच्यांचा हिशेब आला.

आणि कलेची बाजूही आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' केला. सर्कशीतली एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधायला निघते, दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी चिकाटीने २०२० मध्ये गेम आला आणि जगभर वाखाणला गेला. त्याची गोष्ट, चित्रे, संगीत उघडे करा असे कोणी म्हणू नये. कलावंताने आपले जग झाकून ठेवायला काहीच हरकत नाही. झाकू नये ते पैशांचा हिशेब ठरवणारे नियम, आणि विकून टाकलेल्या वस्तूची किल्ली.

नियम उघडे ठेवण्याचा एक प्रयोग बंगळुरूने पूर्वी करून पाहिला आहे. २००१ मध्ये इथल्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एनकोर सॉफ्टवेअरच्या विनय देशपांडे आदींनी सिम्प्युटर नावाचा हातात मावणारा स्वस्त संगणक मांडला. आत लिनक्स, आणि यंत्राच्या आराखड्यालाही जीपीएलच्या धर्तीवरचा परवाना. २००४ मध्ये बाजारात आलेल्या त्याच्या 'अमिडा' या रूपात हालचाल ओळखणारा सेन्सर होता. यंत्र कलते करून पान उलटता येई, खेळ खेळता येई, आणि आयफोन यायला अजून तीन वर्षे होती. खपला फार थोडा. सरकारी खरेदी फारशी झाली नाही, किंमत हवी तेवढी उतरली नाही. अपयश होते, पण आपले नियम आपण लिहून ते चारचौघांत ठेवण्याची हिंमत त्यात होती.

या सभागृहात बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरात कोणी ना कोणी कोड लिहून पोट भरते. त्यांना एक विनंती आहे. पैशांशी संबंध असलेला कोणताही खेळ उद्या पुन्हा कायद्याने आला, तर डाव सुरू होण्याआधी सीडची मोहोर (म्हणजे सीड न उघडता त्यावरून गणिताने काढलेली खूण) जाहीर करा आणि डाव संपल्यावर सीड उघडा. ही रीत जुनी आहे, कोणीही तपासू शकतो आणि तिने कोणाचे व्यापारी गुपित फुटत नाही. तसे करायला कंपनी तयार नसेल तर का नाही, हे बैठकीत विचारा. आणि घरी मूल गेम खेळत असेल तर 'किती वेळ झाला' एवढेच विचारून थांबू नका. डूमचा कोड आजही कोणालाही उतरवून घेता येतो. सुट्टीच्या दिवशी मुलासोबत तो उघडून बसा, २५६ आकड्यांचा तो तक्ता शोधा, त्यातला एक आकडा बदला आणि राक्षस कसे वागतात ते बघा.